एनएफएलचा प्रीसीझन सामना: स्कोअर सोडा, ५३ जागांचा हिशेब मांडा

ऑगस्टमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, प्रीसीझन (खऱ्या मोसमाआधीचा सरावाचा) सामना पहिल्यांदा लावणारा माणूस हमखास गोंधळतो. ज्याच्या नावाची जर्सी घालून प्रेक्षक आलेले असतात, तो क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) टोपी घालून बाजूला उभा असतो. मैदानावर मात्र जिवाच्या आकांतानं पळणारी अशी पोरं दिसतात, ज्यांची नावं समालोचकांनाही कागदात बघून सांगावी लागतात. निकालाला काही किंमत नसते, आणि बरोबरी झाली तर जादा वेळही खेळत नाहीत. २००८ मध्ये डेट्रॉइट लायन्सनं प्रीसीझनचे चारही सामने जिंकले आणि खऱ्या मोसमात १६ पैकी १६ हरले. २०१७ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सच्या बाबतीतही नेमकं हेच झालं.

तरीही हे सामने बघण्यासारखे असतात, कारण मैदानावरच्या निम्म्याहून जास्त लोकांची नोकरी त्यावर टांगलेली असते. ती चढाओढ दिसायला लागली की तिसऱ्या क्वार्टरमधला एखादा पंट (लाथ मारून चेंडू समोरच्यांना देणं) सुद्धा श्वास रोखून बघावासा वाटतो. त्यासाठी सामन्याच्या आदल्या दिवशी तासभर तयारी लागते.

पायरी १: ९० मधून ५३ कसे होतात ते आधी मांडा

मोसमाआधीच्या सराव कॅम्पमध्ये प्रत्येक संघ ९० खेळाडू ठेवू शकतो. शेवटच्या प्रीसीझन सामन्यानंतरच्या मंगळवारी ही यादी ५३ वर आणावी लागते. २०२५ मध्ये तो दिवस २६ ऑगस्ट होता. मुदत होती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी ४ वाजेपर्यंतची, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचा दीड. पूर्वी ही छाटणी टप्प्याटप्प्यानं व्हायची. २०२३ पासून सगळी एकाच दिवशी होते, त्यामुळे काठावरच्या पोरांना आता शेवटच्या सामन्यातही खेळायला मिळतं. सामने प्रत्येकी तीन. ओहायोमधल्या कँटनला होणाऱ्या हॉल ऑफ फेम सामन्यात जे दोन संघ खेळतात, त्यांचे चार होतात.

एक कोरा कागद घ्या आणि ५३ जागा वाटून टाका. साधारण वाटणी आक्रमणात २५, बचावात २५ आणि लाथ मारणारे-चेंडू देणारे ३ (किकर, पंटर, लाँग स्नॅपर) अशी असते. आक्रमणात क्वार्टरबॅक २ किंवा ३, रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे) ३ ते ४, रिसीव्हर (फेक झेलणारे) ५ ते ६, टाइट एंड (झेलणारे आणि अडवणारेही) ३ ते ४ आणि ऑफेन्सिव्ह लाइनचे (क्वार्टरबॅकसमोर अडवणारे लाइनमन) ९ ते १०. बचावात पुढच्या फळीचे ९ ते १०, त्यांच्यामागचे लाइनबॅकर ५ ते ६, आणि सगळ्यात मागे फेका रोखणारे कॉर्नरबॅक-सेफ्टी मिळून ९ ते ११. बेरीज कधी ५५ वर जाईल, कधी ५१ वर थांबेल. हीच ओढाताण प्रशिक्षकांच्या खोलीत चाललेली असते. तिसरा क्वार्टरबॅक ठेवला की सहावा रिसीव्हर किंवा दहावा लाइनमन जातो. म्हणून एका जागेची लढत ही बऱ्याचदा दोन वेगळ्या पोझिशनच्या माणसांमधली असते. नवख्या प्रेक्षकाच्या लक्षात ही गोष्ट सगळ्यात उशिरा येते.

आता नावं भरा. एका रंगात पक्के, दुसऱ्या रंगात काठावरचे, आणि उरलेले तिसऱ्या रंगात. बहुतेक संघांत ४० ते ४५ नावं कॅम्प सुरू व्हायच्या आधीच पक्की असतात. पक्का कोण हे नुसत्या खेळावरून ठरत नाही. ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिल्या तीन फेऱ्यांत घेतलेला नवखा खेळाडू वाईट खेळला तरी पहिल्या वर्षी सहसा जात नाही, कारण त्याच्यावर संघानं मोठी निवड खर्च केलेली असते. ज्याच्या करारात हमीची रक्कम मोठी आहे, त्याला काढलं तरी ती रक्कम संघाच्या वेतनमर्यादेत मोजलीच जाते; त्याला डेड मनी म्हणतात. उलट सातव्या फेरीतला किंवा ड्राफ्ट न झालेला पोरगा जवळजवळ फुकटात जातो. दोघं सारखेच खेळले तर पत्ता कुणाचा कट होणार, हे इथेच कळतं. खरी गंमत काठावरच्या १० ते १५ नावांत आहे. त्यातली पाच-सहा निवडा. सगळी ९० बघायला गेलात तर एकही धड दिसणार नाही.

पायरी २: आदल्या दिवशीची माहिती, आणि तिच्यातल्या फसव्या जागा

संघाच्या संकेतस्थळावर डेप्थ चार्ट असतो, म्हणजे कुठल्या जागेवर पहिला कोण, दुसरा कोण याची यादी. प्रीसीझनमध्ये तिच्यावर बहुधा 'अनधिकृत' असं लिहिलेलं असतं, आणि ते शब्दशः घ्यावं. अनेक संघ नवख्यांना मुद्दाम सगळ्यात खाली टाकतात. त्यामुळे या यादीवरून क्रम ठरवू नका. ती फक्त नावं आणि जागा जुळवायला वापरा.

त्यानंतर तीन गोष्टी शोधा. मुख्य प्रशिक्षक सामन्याच्या दोन-तीन दिवस आधी पत्रकारांना सांगतात की पहिल्या फळीतले कोण खेळणार आणि साधारण किती वेळ. तेवढं नक्की वाचा. दुसरी गोष्ट दुखापती. मांडीचा स्नायू धरलेला कोणी बाहेर बसला, की त्याच्या मागच्याला अचानक दुप्पट संधी मिळते. तिसरी म्हणजे त्या आठवड्यात समोरच्या संघाबरोबर संयुक्त सराव झाला का. झाला असेल तर प्रशिक्षकांनी पहिल्या फळीची परीक्षा तिथेच घेतलेली असते आणि सामन्यात बहुतेक वेळा राखीवच दिसतात.

जर्सी नंबरांची ताजी यादी हाताशी ठेवा. ९० जणांना नंबर पुरत नाहीत, म्हणून प्रीसीझनमध्ये एकच नंबर दोघांना दिलेला असतो, एक आक्रमणात आणि दुसरा बचावात. आधी कोणती बाजू मैदानात आहे ते बघा, मगच नाव शोधा. स्पेशल टीम्सच्या (पंट, किकऑफ अशा लाथेच्या खेळांतल्या तुकड्यांच्या) वेळी तर दोघांपैकी नेमका कोण ते अंगकाठीवरून ओळखावं लागतं.

पायरी ३: एक सोडवलेलं उदाहरण, ब्राउन्स २०२५

ही पद्धत कशी चालते आणि कुठे फसते, हे क्लीव्हलँडच्या २०२५ च्या ऑगस्टवरून छान कळतं. क्वार्टरबॅकच्या जागेसाठी चौघे होते. चाळिशीतला जो फ्लॅको, २०२२ मध्ये पिट्सबर्गनं पहिल्या फेरीत घेतलेला केनी पिकेट, आणि २०२५ मध्येच ड्राफ्ट झालेले दोन नवखे: तिसऱ्या फेरीतला डिलन गॅब्रिएल व पाचव्या फेरीतला शेडूर सँडर्स. चार जण ठेवणं म्हणजे दुसरीकडे एक चांगला माणूस गमावणं. तेव्हा प्रश्न सरळ होता: कोण जाणार?

पहिला सामना ८ ऑगस्टला शार्लटमध्ये कॅरोलायना पँथर्सविरुद्ध. पिकेट आणि गॅब्रिएल दोघांचीही मांडी धरलेली, फ्लॅकोला विश्रांती. म्हणून अनधिकृत डेप्थ चार्टवर चौथा असलेला सँडर्स सुरुवातीपासून खेळला. २३ पैकी १४ फेका पूर्ण, १३८ यार्ड, २ टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये पोचवणं), आणि संघ ३०-१० नं जिंकला. आकडे बघून कोणालाही वाटेल की जागा त्याचीच. पण सुरुवातीला उतरणं हा मान नव्हता, पुढचे तिघे उपलब्ध नव्हते म्हणून आलेली पाळी होती. पुढचा सामना फिलाडेल्फियात. तिथे सँडर्स पोटाच्या स्नायूच्या दुखापतीमुळे बाहेर, गॅब्रिएल सुरुवातीला उतरला. १८ पैकी १३ फेका अचूक, पण त्यातली एक ईगल्सच्या सेफ्टीनं मध्येच पकडून थेट टचडाउन केली. त्यानंतर दोनच दिवसांनी, १८ ऑगस्टला, संघानं फ्लॅकोला मुख्य क्वार्टरबॅक जाहीर केलं. तोवर त्यानं प्रीसीझनमध्ये एकही स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारा एक डाव) खेळला नव्हता.

तिसऱ्या सामन्यात, लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध, सँडर्स उशिरा उतरला. ६ पैकी ३ फेका, १४ यार्ड, आणि पाच वेळा पाडला गेला. या पाच सॅकमधला त्याचा वाटा किती आणि समोर उभ्या असलेल्या राखीव लाइनचा किती, हे पुन्हा लावून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. त्याच शनिवारी लास व्हेगास रेडर्सचा राखीव क्वार्टरबॅक एडन ओकॉनल याचं मनगट मोडलं. दोन दिवसांत रेडर्सनी पाचव्या फेरीची निवड देऊन पिकेटला उचललं, आणि ब्राउन्सचा चारचा प्रश्न तीनवर सुटला. म्हणून आपल्या संघाची यादी बनवताना इतर ३१ संघांच्या दुखापतींच्या बातम्याही चाळत राहायच्या.

किकरची लढत याहून शांतपणे झाली. २०२४ मध्ये २७ पैकी १८ फील्ड गोलच (लाथेनं चेंडू खांबांमधून पाठवणं) साधलेल्या डस्टिन हॉपकिन्सला सोडून संघानं यूएफएल या छोट्या लीगमधून आलेल्या आंद्रे श्मिटला घेतलं. पहिल्याच खऱ्या सामन्यात श्मिटनं एक फील्ड गोल आणि एक जादा गुण चुकवला, आणि सिनसिनाटीविरुद्धचा तो सामना ब्राउन्स १७-१६ असा एका गुणानं हरले. प्रीसीझनमध्ये किकरकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी हा स्कोअर लक्षात ठेवावा.

पायरी ४: सामना चालू असताना काय टिपायचं

निवडलेल्या प्रत्येक नावापुढे तीनच रकाने करा: कधी आला, कोणाबरोबर, कोणासमोर. यार्ड आणि टचडाउन नंतर कुठेही मिळतात. हे तीन रकाने फक्त बघणाऱ्यालाच भरता येतात.

'कधी'ला सगळ्यात जास्त वजन द्या. पहिल्या फळीतले मोठे खेळाडू बाहेर गेले तरी जो पहिल्या क्वार्टरमध्येच मैदानात आहे, त्याच्याबद्दल प्रशिक्षकांचं मत चांगलं आहे. चौथ्या क्वार्टरमध्ये उतरलेल्या रिसीव्हरनं १०० यार्ड काढले तरी समोरचा कॉर्नरबॅक चार दिवसांत बेकार होणारा असू शकतो. मात्र एक अपवाद ध्यानात असू द्या. एखादा नवखा पहिल्या दोन क्वार्टरमध्ये अजिबात दिसला नाही आणि दुखापतही नाही, तर त्याची जागा पक्की झाली म्हणून त्याला जपलं जात असेल. आधीच्या आठवड्यात तो कोणत्या फळीबरोबर होता, त्यावरून यातलं खरं काय ते कळतं.

क्वार्टरबॅक बघताना आधी त्याच्यासमोरचे पाच लाइनमन कोण ते बघा. स्नॅप झाला की मनात एक, दोन, तीन मोजा. चेंडू अडीच ते तीन सेकंदांत सुटत असेल तर तो ठरल्याप्रमाणे वाचतोय. तिनाच्या पुढे वारंवार जात असेल आणि समोर लाइन उभी असेल, तर दोष त्याचा. दोनच्या आत लाइन कोसळत असेल तर त्याला पास-नापास करू नका. शिवाय प्रीसीझनमध्ये संघ आपले डावपेच झाकून ठेवतात, बचाव साधा ठेवतात आणि ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडणं) कमी करतात. त्यामुळे इथे शांत दिसलेला क्वार्टरबॅक सप्टेंबरमध्ये तसाच राहील असं धरून चालू नका.

लाइनमन बघायचा तर चेंडूकडे बघणं सोडावं लागतं. सलग दहा स्नॅप फक्त एका टॅकलकडे (लाइनच्या टोकाला उभा असतो तो; त्याच्या आत गार्ड) बघा. पहिलं पाऊल मागे टाकताना त्याचे खांदे समोर राहतात की बाहेर वळतात? वळले, की आतली वाट उघडी पडते आणि पुढच्या दोन-तीन स्नॅपमध्ये समोरचा तिथूनच घुसतो. जो एकाच सामन्यात टॅकल आणि गार्ड दोन्ही खेळला, त्याच्या नावापुढे चांदणी काढा. सामन्याच्या दिवशी ५३ पैकी ४८ जणांनाच कपडे चढवता येतात, तेही त्यांत आठ लाइनमन असतील तर. त्यामुळे दोन-तीन जागा सांभाळणारा राखीव लाइनमन सोन्यासारखा असतो.

पायरी ५: स्पेशल टीम्स, म्हणजे शेवटच्या दहा जागा

पाचवा रिसीव्हर, चौथा सेफ्टी, सहावा लाइनबॅकर यांना खऱ्या मोसमात मुख्य खेळात थोडेच स्नॅप मिळतात. त्यांचा पगार किकऑफ आणि पंटवर ठरतो. त्यामुळे या वेळी चहा करायला उठू नका.

पंटच्या वेळी अगदी कडेला उभा असलेला माणूस म्हणजे गनर. त्याच्यासमोर एक, कधी दोन जण त्याला जागेवरच धरून ठेवायला उभे असतात. चांगला पंट सुमारे साडेचार सेकंद हवेत असतो, आणि तेवढ्यात त्याला त्यांच्यातून सुटून ४० हून जास्त यार्ड पळत जायचं असतं. तो बाहेरून सुटतो की आतून, मैदानाच्या सीमेबाहेर ढकलला जातो का, आणि शेवटच्या पाच यार्डांत पावलं आखडती घेतो का, एवढं बघा. भरधाव जाऊन अंगावर झेपावणारा गनर दिसायला भारी, पण तो बगलेतून हुकला की मागे कोणी नसतं. त्याच्या धाकानं समोरच्यानं हात वर करून फेअर कॅच (मला पाडू नका, मी पळणार नाही) मागितला, तर आकडेवारीत त्याच्या नावावर काही जमा होत नाही. प्रशिक्षकांच्या वहीत होतं, तुमच्याही व्हावं.

किकऑफचे नियम २०२४ मध्ये बदलले आणि त्यामुळे काही जागांचं गणितच पालटलं. किकर ३५ यार्डांवरून मारतो, पण त्याचे बाकीचे १० जण थेट समोरच्यांच्या ४० यार्डांच्या रेषेवर उभे असतात आणि अडवणारे ३० ते ३५ यार्डांच्या पट्ट्यात. चेंडू जमिनीला किंवा कोणाला लागेपर्यंत या दोन्ही रांगा हलत नाहीत. २०२५ पासून चेंडू हवेतून थेट एंड झोनमध्ये गेला, तर समोरच्याला ३५ यार्डांवरून सुरुवात मिळते. एवढी आयती जमीन द्यायला कोणी तयार नसतं, म्हणून चेंडू मुद्दाम आत पाडतात आणि परतीच्या धावा वाढल्या. परिणामी चौथ्या रनिंग बॅकच्या किंवा सहाव्या रिसीव्हरच्या जागेसाठी 'चेंडू घेऊन परत पळता येतं का' हा प्रश्न आता पहिल्यांदा विचारला जातो. ज्याच्या हातून एकदा चेंडू निसटला त्याची संधी निम्मी झाली, आणि स्पेशल टीम्सवर धरपकडीचा दंड घेणाऱ्याचीही तीच गत.

पायरी ६: दुसऱ्या दिवशी पडताळणी

सामना संपल्यावर एनएफएल गेम बुक प्रसिद्ध करते. त्यात सुरुवातीचे ११-११ कोण, कोण खेळलं नाही, आणि प्रत्येकानं आक्रमण, बचाव व स्पेशल टीम्सवर किती स्नॅप खेळले हे शेवटच्या पानांवर असतं. तिथूनच सुरुवात करा. स्पेशल टीम्सचा आकडा मोठा आणि मुख्य खेळातले स्नॅप लवकरचे असतील, तर तो माणूस ५३ च्या दिशेनं चाललाय. दोन्ही रकाने रिकामे आणि दुखापत नाही, तर चिन्हं चांगली नाहीत. मग आदल्या दिवशीचा कागद काढून रंग बदला. एका सामन्यावरून एका पायरीपेक्षा जास्त वरखाली करू नका.

पायरी ७: छाटणीचा मंगळवार आणि नंतरचे दोन दिवस

'कट झाला' या बातमीचे अर्थ वेगवेगळे असतात. चार मोसमांपेक्षा कमी अनुभवाचा खेळाडू वेव्हरवर जातो, म्हणजे इतर संघ त्याच्यावर हक्क सांगू शकतात. पहिला मान मागच्या मोसमात सगळ्यात तळाला राहिलेल्या संघाचा. बुधवारी पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी १२ पर्यंत, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊपर्यंत, हे चालतं. जो हक्क सांगतो त्याला तो खेळाडू स्वतःच्या ५३ मध्ये घ्यावा लागतो आणि कोणाला तरी काढावं लागतं. म्हणजे आपल्या संघाची मंगळवारची यादी गुरुवारी तीच राहील याची खात्री नसते.

चार किंवा जास्त मोसम खेळलेला अनुभवी खेळाडू लगेच मोकळा होतो. त्याचं नाव यादीत नाही म्हणून लगेच त्याच्यावर फुली मारू नका. पहिल्या आठवड्याला तो ५३ मध्ये असेल तर त्याला पूर्ण मोसमाच्या पगाराचं संरक्षण मिळतं, म्हणून काही संघ अशांना थोडे दिवस बाहेर ठेवून नंतर परत घेतात. जखमींचंही असंच. इंजर्ड रिझर्व्हवर (जखमींच्या वेगळ्या यादीवर) गेलेल्याला किमान चार सामने बाहेर बसावं लागतं. २०२४ पासून छाटणीच्या दिवशी फक्त दोघांनाच 'परत येणार' असं नोंदवून थेट तिथे टाकता येतं. बाकीच्यांना परत आणायचं असेल तर एक दिवस ५३ मध्ये ठेवावंच लागतं. त्या एका दिवसासाठी जागा हवी म्हणून एखादा भरवशाचा अनुभवी माणूस मंगळवारी जातो आणि बुधवारी-गुरुवारी परत येतो.

ज्यांना कोणी उचललं नाही त्यांच्यातून १६ जणांचा प्रॅक्टिस स्क्वॉड बनतो. दर सामन्याला त्यांतल्या दोघांना वर घेता येतं, एकाच खेळाडूला मोसमात जास्तीत जास्त तीनदा. या १६ जणांपैकी कोणाला दुसरा संघ आपल्या ५३ मध्ये नेऊ शकतो. त्यामुळे कागदावर त्यांची नावं खोडू नका, वेगळ्या रकान्यात हलवा.

वेळ आणि जागा

भारतातून बघणाऱ्यांनी ऑगस्टमध्ये पूर्व किनाऱ्याच्या वेळेत साडेनऊ तास मिळवावेत. तिकडची दुपारची १ म्हणजे इकडे रात्रीचे साडेदहा, आणि तिकडची संध्याकाळची ७ म्हणजे दुसऱ्या दिवशीची पहाटेची साडेचार. पश्चिम किनाऱ्यावरचा संध्याकाळी ७ चा सामना आपल्याकडे सकाळी साडेसातला येतो. पहाटे उठणं जमत नसेल तर रेकॉर्डिंग बघा, पण आकडे न बघता.

न्यू जर्सी किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींना तर प्रत्यक्ष स्टेडियममध्ये जाता येतं. प्रीसीझनची तिकिटं सहसा स्वस्त असतात आणि उत्तरार्धात पुढच्या रांगा रिकाम्या होत जातात. शक्य असेल तर बाजूऐवजी एंड झोनच्या मागे, वरच्या मजल्यावर बसा. लाइनमधल्या फटी आणि सेफ्टींच्या जागा तिथून सगळ्यात स्वच्छ दिसतात, टीव्हीवर त्या बहुतेक वेळा चौकटीबाहेर राहतात. पिशवी पारदर्शक प्लास्टिकची, १२ बाय ६ बाय १२ इंचांपेक्षा मोठी नको. नेहमीची पाठपिशवी नेलीत तर दारातूनच परत पाठवतात. नंबरांची यादी छापून न्या, कारण एंड झोनमागून पाठीवरची नावं वाचता येत नाहीत.